तुमका कोणी इचारल्यान?

परबबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्यांनी एका माणसाला त्याच्याच घराबाहेर काढून आतून कडी लावली होती. माणूस कमरेला टॉवेल गुंडाळून दारात उभा. अर्ध्या गालावर दाढीचा साबण. "अहो बाई, माझं घर आहे हे!" असं ओरडत तो दारावर थापा मारत होता आणि सगळी गॅलरी गोळा होऊन मजा बघत होती. आतून परबबाईंचा आवाज आला, "घर तुमचा आसात, पण तुमका कोणी इचारल्यान? मी तुमच्या बायकोक इचारतंय!"

तो माझा नोकरीचा पहिला दिवस होता. "परबबाईंबरोबर जा, काम कसं करायचं ते बघ," असं सांगून ऑफिसनं मला घाटकोपरला पाठवलं होतं. मी बघितलं. मग त्या टॉवेलवाल्या गृहस्थांना शेजारच्यांकडून एक शर्ट मागून दिला आणि जिन्यात बसून दुसरी नोकरी शोधावी का याचा विचार करत राहिले.

आमचं काम सांगायला फार सोपं आहे. दारोदार जायचं, माणसांना प्रश्न विचारायचे आणि ती सांगतील ते लिहून घ्यायचं. पुस्तकात याला प्राथमिक माहितीचं संकलन म्हणतात. म्हणजे दुसऱ्या कुणी आधी गोळा केलेलं उतरवून घ्यायचं नाही, ज्याची गोष्ट त्याच्या तोंडून थेट घ्यायची. आता तोंडून घ्यायची म्हणजे तोंड मिळायला हवं ना? घरात तोंडं चार असतात. आपल्याला हवं असलेलं एक गप्प असतं आणि उरलेली तिन्ही सुरू असतात. बाईला विचारलं की नवरा बोलतो, सासऱ्याला विचारलं की सून बोलते, सुनेला विचारलं की सासू स्वयंपाकघरातून बोलते. कॉलेजातल्या मुलीला "पुढे काय शिकायचंय?" विचारलं की तिची आई, काकू आणि समोरच्या खोलीतल्या वहिनी मिळून तिचं लग्न ठरवतात. अशा उत्तराला आमच्या ऑफिसात प्रॉक्सी म्हणतात. परबबाई त्याला जे म्हणतात ते इथे लिहिता येणार नाही.

बाईंचं वय पंचावन्नच्या पुढे, उंची बेताची, आवाज मात्र सबंध टेकडीला पुरेल एवढा. एरवी त्या आपल्यासारखंच मुंबईचं मराठी बोलतात, राग आला की मालवणीत शिरतात. दिवसाचा बराचसा भाग त्या मालवणीतच असतात.

आमचे साहेब म्हणजे क्षीरसागर सर. ते पुण्याहून आले आहेत आणि अंधेरीच्या ऑफिसातली एसीची हवा सोडून फील्डवर आलेलं मी त्यांना एकदाही पाहिलेलं नाही. पण नवं काम आलं की ते आम्हाला समोर बसवून पडद्यावर चित्रं दाखवतात. प्रश्नावली, मुलाखत, निरीक्षण, गटचर्चा, प्रत्येकाचे फायदे आणि मर्यादा. बाई पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसतात. एकदा सर म्हणाले, "निरीक्षण करताना आपण तिथे नाही असं वागायचं." बाई उठल्या. "सर, दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं आणि एक पाळणा. त्यात मी तिथे नाही असं वागायचं म्हणजे कुठे बसायचं? पाळण्यात?"

सर त्यांना घाबरतात. घाबरणारा साहेब किती वाईट असतो ते ज्यांना असा साहेब आहे त्यांनाच कळेल. तोंडावर हसतो आणि मागून मेल पाठवतो.

गटचर्चेची गंमत वर्सोव्याला झाली. मासे विकणाऱ्या बायकांशी बोलायचं होतं. समुद्राच्या बाजूला मंडळाच्या शेडमध्ये बायका जमल्या, बाहेर बोंबील वाळत होते, सगळं कसं झकास. पहिला प्रश्न विचारला आणि मंडळाच्या अध्यक्षीणबाई बोलायला लागल्या. दुसरा प्रश्न, अध्यक्षीणबाई. तिसरा, अध्यक्षीणबाई. बाकीच्या नुसत्या माना हलवत होत्या. मी बाईंकडे बघितलं. त्यांच्या नाकपुड्या फुगल्या होत्या. "तुम्ही जरा बाहेर बसा," त्या अध्यक्षीणबाईंना म्हणाल्या. त्या मोठ्या शांतपणे म्हणाल्या, "मी उठले तर या सगळ्याच उठतील." आणि उठल्या. आणि त्यांच्यामागे खरोखरच सगळ्याच उठल्या, टोपल्या उचलल्या आणि गेल्या. शेडमध्ये मी, परबबाई आणि एक मांजर उरलो. आयुष्यात बाईंना त्यांच्या तोडीचं माणूस भेटलं ते एवढंच. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आम्ही वाळवणाच्या दांड्यांमधून फिरत बोंबील उलटणाऱ्या एकेका बाईला गाठून स्वतंत्र बोलत बसलो. अंगाला असा वास लागला की परतताना मेट्रोत आमच्या आजूबाजूला ऐसपैस जागा होती.

आणि एकदा तर बाईंनी कहर केला. तेव्हा घरातल्या कुणाला विचारायचं ते आम्ही वाढदिवसावरून ठरवायचो. ज्याचा वाढदिवस सगळ्यात आधी येणार तो आपला माणूस. आता आमच्याकडे निम्म्या माणसांचा जन्म एक जूनला झालेला असतो, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी तीच तारीख टाकलेली असते. त्या घरात नवरा आणि बायको दोघंही एक जूनचे. चिठ्ठी टाकली, नवऱ्याचं नाव निघालं. पण तो आपणहून बोलायला लागल्याबरोबर बाईंचं डोकं सवयीनं फिरलं. "तुमका कोणी इचारल्यान?" म्हणत त्यांनी त्याला बाहेर पिटाळलं आणि बायकोची तासभर मुलाखत घेतली. बाहेर आल्यावर मी सांगितलं, "बाई, आपला माणूस हाच होता." बाई तशाच मागे वळल्या आणि त्याला हात जोडून म्हणाल्या, "चला आत, तुमचं घेते." तो फुगून बसला होता. "आता हिलाच विचारा, हिनं सगळं सांगितलंय," म्हणाला. बाई त्याच्यासमोर तितकाच वेळ बसल्या, माफी मागितली, त्याच्या हातचा चहा प्यायल्या, पण उत्तरं त्याच्याकडूनच घेऊन उठल्या. माझा तो सबंध दिवस वाया गेला. मला त्यांचा असा राग आला होता की परतताना मी शेजारी बसलेच नाही.

बरं, हे खूळ कामापुरतं असतं तर चाललं असतं. स्टेशनबाहेरच्या उडप्याकडे आम्ही चौघं गेलो आणि आमच्या ऑफिसातल्या नितीननं सहज "चार चहा" म्हटलं की संपलं. "चार कुणाला विचारून? हिला कॉफी हवी असेल. त्याला काहीच नको असेल." मग वेटरनं प्रत्येकाला वेगळं विचारायचं, प्रत्येकानं वेगळं सांगायचं आणि शेवटी सगळ्यांना चहाच हवा असायचा. हल्ली आम्ही दिसलो की तो वेटर मुतारीकडे जातो आणि दुसऱ्याला पाठवतो.

पण एक कबूल करते. हे खूळ अंगाला लागतं. मुलुंडला आमच्या घरी एकदा माझ्या मामाचा फोन आला, "सुजाता येणार का बारशाला?" आणि माझ्या मोठ्या भावानं टीव्हीवरची नजरही न हटवता "येईल, येईल" म्हणून सांगून टाकलं. मी ताटावरून उठले आणि ओरडले, "तुमका कोणी इचारल्यान?" आमचं मूळ नांदेडकडचं, घरात सात पिढ्यांत कुणी मालवणी बोललेलं नाही. आई घास तसाच हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. "काय झालं गं हिला?" तिनं भावालाच विचारलं. बघा, म्हणजे तेही भावालाच.

गेल्या वर्षापासून बाईंनी दोन नव्या गोष्टी सुरू केल्या आणि दोन्ही माझ्या डोक्यात गेल्या. एक म्हणजे त्या घाटकोपर सोडायला तयार होईनात. देवनार नको, अंधेरी नको, बोरीवलीचं तर नाव काढायचं नाही. दुपारी जेवणाच्या वेळी कुठेतरी गायब व्हायच्या. "कुठे जाता?" विचारलं की "तुका काय करूचा हा?" एवढंच.

दुसरी गोष्ट थांबण्याची. पूर्वी त्या लोकांना गप्प करायच्या, आता स्वतःच गप्प बसायला लागल्या. प्रश्न विचारायचा आणि थांबायचं. समोरच्या माणसाला उत्तर सुचेना तर आपण मदत करतो की नाही? "म्हणजे पाण्याचा त्रास का?" असं काहीतरी पुढे सरकवतो. मी सरकवलं की बाई चिमटा काढायच्या. खराखुरा, दंडाला. "त्याच्या तोंडात घास कोंबू नको. चावू दे त्याला." मग आम्ही बसायचो. पंखा फिरतोय, कुकरच्या शिट्ट्या होतायत, बाई समोरच्याच्या तोंडाकडे बघतायत. एका घरात तर त्या आजी तेवढ्या वेळात झोपूनच गेल्या. बाई त्या उठेपर्यंत बसल्या! माझं पुढचं सगळं काम राहिलं आणि ऑफिसातून मलाच बोलणी बसली.

आता या पावसाळ्यानंतरचं सांगते. घाटकोपरच्या एका जुन्या वसाहतीचा पुनर्विकास निघाला आहे. तिथल्या साठीपुढच्या माणसांना कुठे राहायचंय ते विचारायचं काम आमच्याकडे आलं. नव्या टॉवरमध्ये, मुलाकडे, की गावी? काम म्हाताऱ्यांचं होतं, त्यामुळे झालं काय, की दार उघडायचे मुलगे. "त्यांना काय कळतंय हो, लिहा ना, टॉवर." एका घरात तर आजी समोर बसलेल्या असताना सून म्हणाली, "त्या गावीच जाणारेत." आजींनी दचकून तिच्याकडे बघितलं. त्यांना ती बातमी आमच्याबरोबरच कळत होती.

क्षीरसागर सरांनी मेल पाठवली, वृद्धांच्या बाबतीत प्रॉक्सी चालेल, आठवडाअखेर काम संपवा. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. परबबाईंनी मेल वाचली, उत्तरं भरायचा टॅब पिशवीत टाकला आणि म्हणाल्या, "ज्याला घराबाहेर काढायचं त्यालाच विचारायचं नाही? मग माझी काय गरज? बिल्डरलाच विचारा सगळं." त्यांनी एकही प्रॉक्सी घेतली नाही. त्यांचं काम मागे पडत गेलं. सरांनी शेवटी सांगून टाकलं की असंच चाललं तर बाईंनी घरी बसायचं. हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. बाईंनाही माहीत होतं.

त्यात माने आजोबांचं प्रकरण झालं. दोन वर्षांपूर्वी पडल्यापासून आजोबा खाटेवर होते. मुलगा फॅक्टरीतून रात्रपाळी करून आलेला, डोळे लाल, त्याला झोपायचं होतं. "लिहा, टॉवर. सही कुठे करू?" बाईंनी त्याच्याकडे बघितलंच नाही. खाटेजवळ स्टूल ओढला आणि विचारलं, "आजोबा, तुम्हाला कुठे राहायला आवडेल?"

आजोबा वर बघत राहिले. बाई थांबल्या. मुलगा म्हणाला, "अहो, ते बोलत नाहीत." बाई थांबल्या. मुलगा दारात गेला, आत आला, परत दारात गेला. "बाई, मला झोपायचंय यार, कळतंय का?" माझ्या दंडाला घाम फुटला होता, चिमट्याच्या भीतीनं मी तोंड मिटून बसले होते. आणि मग आजोबांचे ओठ हलले. आम्ही तिघंही पुढे झुकलो.

"पंखा बंद करा," आजोबा म्हणाले. "थंडी वाजतेय."

मुलगा जागच्या जागी उभा राहिला. मग त्यानं जाऊन पंखा बंद केला. मला वाटलं, आता हा माणूस वडिलांच्या पायथ्याशी बसेल. कसलं काय! त्याला आमच्यासमोर लाज वाटली, आणि लाज वाटली की माणूस चिडतो. त्यानं सरळ टॅबमागच्या स्टिकरवरचा ऑफिसचा नंबर लावला. "तुमची बाई घरात धरणं धरून बसलीय. घेऊन जा तिला." सरांचा फोन बाईंना आला. आम्हाला उठावं लागलं. निघताना मी मागे बघितलं तर आजोबांचे ओठ पुन्हा हलत होते. आणि त्यांच्याकडे बघायला कुणी नव्हतं, कारण मुलगा आमच्या तोंडावर दार लावत होता.

मला तेव्हा जो संताप आला तो अजून उतरलेला नाही. मुलाचा आला, सरांचा आला, त्या मेलचा आला. त्या माणसाला कुठे राहायचं होतं ते त्याच्या ओठांपर्यंत आलं होतं हो! ते ऐकायला किती वेळ लागला असता?

बाई माझ्याशी एक शब्द न बोलता घरी निघून गेल्या. तासाभरानं सरांनी मला फोन केला. "सुजाता, तू त्यांच्या घरी जा. प्रॉक्सी घेणार असतील तर उद्या या म्हणावं. नाहीतर टॅब घेऊन ये." मी म्हटलं, "सर, तुम्हीच बोला ना त्यांच्याशी." तर म्हणाले, "तुझं त्यांच्याशी चांगलं जमतं." बघितलंत? घाबरणारा साहेब.

बाईंचं घर घाटकोपर पूर्वेला, दुसऱ्या एका बैठ्या वसाहतीत. इतकी वर्षं एकत्र काम करून मी तिथे पहिल्यांदाच गेले. दार उघडंच होतं. खिडकीशी प्लॅस्टिकच्या खुर्चीत एक गृहस्थ बसले होते. उजवा हात मांडीवर ठेवलेला, कुणीतरी आणून ठेवावा तसा. तोंड एका बाजूला किंचित ओढलेलं. अंगात इस्त्रीचा शर्ट होता आणि केसांना नीट तेल लावून भांग पाडलेला होता.

"हे आमचे मिस्टर," बाई म्हणाल्या. "गेल्या वर्षी गणपतीच्या आधी झटका आला. बस." आणि चहा ठेवायला आत गेल्या.

मी आतल्या बाजूला तोंड करून विचारलं, "बाई, काका चहा घेतात ना?"

भांडं ओट्यावर आपटल्याचा आवाज आला. बाई दारात आल्या. "इतकी वर्षं माझ्याबरोबर फिरून हेच शिकलीस? ते बसलेत ना तुझ्यासमोर? त्यांना विचार."

मी विचारलं. काकांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या कपाळावर आठ्या जमा झाल्या, ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. बाईंनी आत गॅस बंद केल्याचं मला ऐकू आलं. त्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या आणि त्यांनी काकांकडे अशा नजरेनं बघितलं की मी खाली बघायला लागले. ती थांबण्याची सवय कुठून आली, दुपारच्या जेवणाला बाई कुठे गायब होतात, घाटकोपर का सुटत नाही, सगळं मला त्या वेळात कळलं. शेवटी काका म्हणाले, "अ... अर्दो."

"अर्धा," बाई म्हणाल्या आणि गॅस पुन्हा पेटवला.

चहा घेता घेता बाई स्वतःच सांगायला लागल्या. रागातच. "सगळे सांगतात मला, तू बोल ना त्यांच्या वतीनं, तुला माहितीय त्यांना काय हवंय. डॉक्टर मला विचारतो. दीर मला विचारतो. मी कुणाला उत्तर देत नाही. भाजी कसली करू विचारते आणि थांबते. कधी यांना वांगं म्हणायचं असतं आणि तोंडातून बटाटा निघतो. मी बटाटाच करते. बोललेत ना ते? मग खावा!"

काका एका बाजूनं हसले.

"हसतायत बघ. आणि हे कोण माहितीय तुला? जन्मभर माझ्या वतीनं बोललेले गृहस्थ. मला बघायला आले तेव्हा यांच्या आईनं मला विचारलं, मासे साफ करता येतात का? हे म्हणाले, येत असतील. डॉक्टरनं मला विचारलं, काय होतंय? हे म्हणाले, पोटात दुखतंय. माझा कान दुखत होता गो! आठवडाभर मी पोटाची औषधं घेतली." बाईंचा आवाज चढला होता. "आणि ती पलीकडची शाळा. तिथे मोठ्या बाई होत्या, त्या स्वतः चालत आमच्या दारात आल्या. म्हणाल्या, ऑफिसात जागा आहे, शुभांगीला पाठवा. मी आत भाकऱ्या थापत होते. मी हात धुवेपर्यंत हे दारात म्हणाले, तिला नोकरी नकोय. गेल्या त्या बाई. मी ओले हात घेऊन उभी राहिले."

काकांनी मान खाली घातली होती. मला वाटलं, बाईंनी आता थांबावं. पण त्या थांबल्या नाहीत आणि बरोबरच केलं.

"मग यांची कंपनी बंद पडली, तेव्हा कुठे यांचं तोंड बंद झालं आणि मी बाहेर पडले. आता मी यांच्या वतीनं बोलले तर कुणी काही म्हणणार नाही. फिटंफाट होईल. पण माका फिटंफाट नको हा. जा झाला, ता माझ्यापुरता झाला. मी कोणाच्या तोंडातला काढून घेवचंय नाय."

मग त्यांनी कप खाली ठेवला. "बोल. कशाला पाठवलंय क्षीरसागरनं?"

मी सांगितलं. प्रॉक्सी घेणार असाल तर उद्या या, नाहीतर टॅब द्या. बाईंनी कपाटातून टॅब काढला, चार्जर गुंडाळला आणि दोन्ही टेबलावर ठेवले, पण टॅबवरचा हात काही काढला नाही. त्या घरात बाईंच्या नोकरीशिवाय दुसरी मिळकत नव्हती, ते भिंतींवरूनही दिसत होतं. मी काय बोलणार? आणि काकांना वगळून बोलायची तर आता माझी हिंमत नव्हती. मी त्यांच्याकडे वळले.

"काका, तुम्हाला काय वाटतं? बाईंनी काम सोडावं?"

"हां, त्यांना विचार," बाई फणकारल्या. "ते सांगतील. आजवर तेच सांगत आलेत."

काकांनी तोंड उघडलं. आवाज आला नाही. डावा हात खुर्चीच्या दांडीवर वळला, गळ्याच्या शिरा ताणल्या. मला तो शब्द त्यांच्या तोंडातून ओढून काढावासा वाटत होता. 'सोडू नको' म्हणायचंय का काका? 'सोड' म्हणायचंय का? मी माझ्याच दंडाला चिमटा काढला. बाई खिडकीबाहेर बघत होत्या, पण हलत नव्हत्या.

"ति..." काका म्हणाले. मग बराच वेळ काही नाही. "तिका..."

बाईंनी मान वळवली.

"तिका... इचार."

मला रडू आलं. बाई ताडकन उठल्या आणि मोरीत जाऊन त्यांनी नळ सोडला. भांडी घासल्याचा प्रचंड आवाज यायला लागला. तीन कप आणि एक बशी, भांडी काय होती तिथे? "आत्ता सुचला!" त्या आतून ओरडत होत्या. "आत्ता सुचला ह्येंका! ती शाळेतली बाई मेली, तेका सुद्दा वर्सां झाली!" काका माझ्याकडे बघत होते, परीक्षा दिलेल्या पोरासारखे.

तेवढ्यात माझा फोन वाजला. क्षीरसागर सर. "काय झालं सुजाता? काय म्हणतायत बाई? तयार आहेत का?"

"सर, त्या म्हणतात..." मी सुरुवात केली आणि गप्प झाले. नळाचा आवाज थांबला होता. बाई ओल्या हातांनी दारात उभ्या होत्या.

"सर, तुम्ही त्यांनाच विचारा," मी म्हटलं, आणि फोन पुढे केला.

बाईंनी पदराला हात पुसले, फोन घेतला. सरांनी काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही. पण जे विचारलं त्याचं उत्तर बाईंकडे तयार नव्हतं. जगाला प्रश्न विचारत फिरणारी ती बाई फोन कानाला लावून उभी राहिली आणि तिला शब्द सापडेना. मी थांबले. काका थांबले. सरांनाही थांबावं लागलं.

"माका काम व्हया," शेवटी बाई म्हणाल्या. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "ह्याच काम व्हया. आणि माने आजोबांचा उत्तर बाकी आसा. उद्या मी ता घेवक जातलंय. तोपर्यंत टॅब मिळूचो नाय. आता तुमी सांगा, तुमचा काय म्हणणा?"

पलीकडून काहीच आवाज येईना. "फोन चालू आहे ना?" असं विचारायला मी तोंड उघडलं, तर काकांनी डावा हात उचलून मला गप्प बसायची खूण केली. बाई फोन कानाशी धरून काकांच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या, आणि थांबल्या.